नऊ जणांपुढचा आकडा

वॉशिंग्टन राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्यात मला नोकरी लागली तेव्हा बाबांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "मंत्री कोण तुमचा?" रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या लिलावात उभी हयात गेलेल्या माणसाला खातं म्हटलं की मंत्रीच आठवणार. मी म्हटलं, मंत्री नाही, नऊ जणांचा आयोग आहे. तोच खात्याचा संचालक नेमतो आणि शिकारीचे, मासेमारीचे नियमही तोच करतो. "म्हणजे नऊ शास्त्रज्ञ?" तसंही नाही. आयोगावर आजवर डॉक्टर बसलेत, वकील बसलेत, गुरं पाळणारी बाई बसली आहे. निवृत्त शास्त्रज्ञही असतात, पण शास्त्रज्ञच हवा अशी अट नाही. पगार नाही, फक्त भत्ता आणि प्रवासखर्च. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मोजायचं तू आणि ठरवायचं त्यांनी."

ते वाक्य मला तेव्हा झोंबलं. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात आणि पुढे सिॲटलच्या विद्यापीठात मी जे शिकले त्याचं सार एवढंच होतं: साठा किती ते मोजा, त्यातला किती काढला तर तो टिकेल ते गणिताने ठरवा, आणि तेवढाच काढू द्या. गणित करणाऱ्यांच्या डोक्यावर हे नऊ जण कशाला? आता मला ते हवेसे वाटतात. त्यांचा राग येत नाही असं नाही, कधीकधी तर चांगलाच येतो. तरी हवेसे वाटतात.

आयोगाचं मूळ १९३२ सालच्या एका जनमतात आहे. तो कायदा विधिमंडळाने केला नाही, मतदारांनी थेट मतपेटीतून केला. शिकारीच्या प्राण्यांचा आणि हौसेने गळाला लावल्या जाणाऱ्या माशांचा कारभार जिल्ह्याजिल्ह्यांतून काढून राज्याच्या एका आयोगाकडे दिला. बाजारात विकली जाणारी मासळी, म्हणजे मुख्यतः सॅमन, मात्र वेगळ्या खात्याकडे राहिली. १९९४ मध्ये दोन्ही खाती एक झाली आणि लगेच प्रश्न आला की या नव्या खात्याचा संचालक कोणी नेमायचा, गव्हर्नरने की आयोगाने? इथला गव्हर्नर आपल्याकडच्या राज्यपालासारखा नसतो, तो लोकांनी निवडून दिलेला आणि राज्याचा खरा कारभारी असतो. १९९५ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि लोकांनी आयोगाच्या बाजूने कौल दिला.

पण त्या नऊ जणांना नेमतो कोण? गव्हर्नरच. सहा वर्षांसाठी नेमतो, आणि राज्याच्या सिनेटने त्यावर शिक्कामोर्तब करायचं असतं. किमान तिघे कॅस्केड पर्वताच्या पूर्वेचे, किमान तिघे पश्चिमेचे, आणि एका काउंटीतले दोघे नकोत. ही पूर्व-पश्चिमेची अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. सह्याद्रीच्या अलीकडे कोकण आणि पलीकडे देश, तसंच ते आहे. पश्चिमेला पाऊस, समुद्र, सॅमन आणि मोठी शहरं. पूर्वेला पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख, गहू, गुरं आणि अलीकडे लांडगे. एका बाजूला जे पर्यावरण वाटतं ते दुसऱ्या बाजूला दारात आलेलं संकट असतं.

आणि कायद्याने या आयोगाला दिलेलं काम बघा. वन्यजीव आणि मासे जपायचे, त्यांचं अस्तित्व पुढे चालू ठेवायचं, हे आधी. मग त्याच कलमात मासेमारी उद्योगाची आर्थिक घडी सांभाळायची, आणि लोकांना हौशी मासेमारीच्या आणि शिकारीच्या जास्तीत जास्त संधी द्यायच्या. हे सगळं एका दमात लिहिलेलं आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांना यातली ओढाताण दिसली नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी ती बहुधा सोडवायला पुढच्यांकडे दिली.

माझी सुरुवात या सगळ्यापासून फार दूर, बोटींच्या उतारावर झाली. इथे त्याला बोट रॅम्प म्हणतात. ट्रेलरवरची बोट पाण्यात उतरवायची आणि संध्याकाळी परत वर घ्यायची अशी काँक्रीटची जागा. तिथे क्लिपबोर्ड घेऊन उभं राहायचं आणि परतणाऱ्या प्रत्येक बोटीला गाठायचं. किती जण होतात? पाण्याच्या कुठल्या विभागात होतात? किती वेळ? काय धरलं, काय सोडलं? मग मासा फळीवर ठेवून तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजायचा. चिमट्याने दोन-चार खवले काढायचे, कारण खवल्यांवरच्या वलयांवरून वय कळतं. आणि मग त्याच्या तोंडावरून एक कांडी फिरवायची.

त्या कांडीने आवाज केला की समजायचं, या माशाच्या नाकाडात जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा तारेचा तुकडा आहे. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, पिलू बोटाएवढं असताना तो टोचतात. मायक्रोस्कोपखाली त्यावरचा क्रमांक वाचला की कुठल्या हॅचरीतल्या कुठल्या तुकडीचं पिलू समुद्र फिरून आलं ते कळतं. पण त्यासाठी नाकाड कापून पिशवीत घालून प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. उभा दिवस पाण्यावर काढून एकुलता एक चिनूक सॅमन आणलेल्या माणसाला, फोटो काढायच्या आत, "याचं तोंड कापू का?" असं विचारायला जीभ रेटावी लागते. बहुतेक जण हसून हो म्हणतात. एका आजोबांनी मला आधी फोटोत मासा धरून उभं केलं आणि मग सुरी चालवू दिली.

हॅचरीतल्या बहुतेक पिलांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटासा मांसल पर कापून टाकतात. पर नसलेला मासा हॅचरीचा, तो ठेवता येतो. पर असलेला बहुतेक वेळा रानटी, तो सोडायचा, आणि सोडतानाही बोटीत घ्यायचा नाही, पाण्यातच गळ काढायचा. सिॲटलजवळच्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्यातला रानटी चिनूक १९९९ पासून संघराज्याच्या कायद्याने संकटग्रस्त ठरलेला आहे. त्यामुळे किती सोडले हा माझ्या कागदावरचा सगळ्यात मोलाचा रकाना होता आणि सगळ्यात बिनभरवशाचाही. ठेवलेला मासा मी मोजू शकत होते, सोडलेला फक्त ऐकू शकत होते. कोळ्यांच्या गजालींत वाढलेली मी. सुटलेला मासा घरी पोचेपर्यंत केवढा होतो हे मला ठाऊक होतं. इथे मात्र उलटं होई. जास्त सोडले असं कळलं तर हंगाम लवकर बंद होईल, म्हणून काही जण सोडलेले मासे कमीच सांगत.

कारण हंगाम खरंच बंद होतो. एखाद्या विभागाला ठरावीक संख्या दिलेली असते. रॅम्पवरचे आमचे कागद आठवड्याला एकत्र होतात, अंदाज निघतो, आणि संख्या भरत आली की तारखेच्या आधीच मासेमारी थांबते. यासाठी दर वेळी नऊ जणांना गोळा करत बसत नाहीत. तातडीचे नियम काढायचा अधिकार त्यांनी संचालकाला देऊन ठेवला आहे, आणि असा नियम जास्तीत जास्त १२० दिवस टिकतो. समुद्रकिनाऱ्यावर रेझर क्लॅम नावाचे लांबट शिंपले खणायला हजारो लोक जातात, त्याचंही असंच. डोमोइक आम्लाचं विष दशलक्षात वीस भागांच्या खाली असल्याचं तपासून झालं की ओहोटीच्या तारखा जाहीर होतात. इथल्या लॉन्ग बीचवर हिवाळ्याच्या रात्री कंदील घेऊन वाकलेल्या त्या माणसांना आयोगाचं नावही माहीत नसतं. त्यांना एवढंच माहीत असतं की खणलेले पहिले पंधरा, लहान असोत की फुटलेले, घरी न्यायचेच.

रॅम्पवरची माणसं मात्र आयोगाचं नाव रोज घेत. "तुमच्या कमिशनला सांग," अशी सुरुवात आणि पुढे शिव्या किंवा सल्ला. मी पाण्याच्या कडेला गमबूट घालून उभी, आणि मी म्हणजे जणू त्यांची दूत. त्यांना वाटे की सगळं तिथेच ठरतं. खरं म्हणजे सॅमनच्या बाबतीत निम्मी गोष्ट आयोगाच्या हातातच नाही. हे "निम्मी" शब्दशः घ्यायचं.

१८५४-५५ मध्ये गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्सने इथल्या आदिवासी राष्ट्रांशी एकामागून एक करार केले. पहिला मेडिसिन क्रीकचा, निस्क्वाली नदीच्या मुखाशी. आदिवासींनी जवळजवळ सगळी जमीन दिली आणि एक गोष्ट राखली: आपल्या नेहमीच्या जागी, इतर नागरिकांच्या बरोबरीने, मासे धरायचा हक्क. पुढची शंभरएक वर्षं राज्याने तो हक्क जवळपास नसल्यासारखा धरला. आपापल्या नदीत जाळं टाकणाऱ्यांना राज्याचे रखवालदार पकडून नेत. निस्क्वाली राष्ट्राच्या बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिल्यांदा अटक झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, आणि पुढे त्यांना पन्नासहून जास्त वेळा अटक झाली. १९७० च्या सप्टेंबरात प्युअलप नदीकाठच्या तळावर पोलिसांनी अश्रुधूर सोडून लोकांना धरलं. १२ फेब्रुवारी १९७४ ला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की बरोबरीने म्हणजे अर्धा वाटा. धरता येण्याजोग्या माशांतला निम्मा करार केलेल्या आदिवासींचा, आणि कारभारातही ते राज्याच्या बरोबरीचे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मुख्यतः कायम ठेवला.

म्हणून आमच्या आयोगाचा नियम आदिवासी मच्छीमाराला लागू होत नाही. त्यांचे नियम त्यांची राष्ट्रं करतात, त्यांचा मासा त्यांचे शास्त्रज्ञ मोजतात. पश्चिम वॉशिंग्टनमधल्या वीस राष्ट्रांचा स्वतःचा मत्स्य आयोग आहे, आणि ज्यांना राज्याने पन्नास वेळा आत टाकलं ते बिली फ्रँक तीसहून जास्त वर्षं त्याचे अध्यक्ष होते.

शरदात आम्ही ओढ्यांतून चालत सॅमनची घरटी मोजतो. मादी शेपटीने वाळूखडी उकरून अंडी घालते तो फिकट खळगा म्हणजे घरटं. एका ओढ्यावर माझ्याबरोबर निस्क्वालीचा एक जण असे. पगार वेगवेगळ्या ठिकाणचा, पण वही दोघांची सारखी. मी एखादा खळगा घरटं म्हणून टिपला की तो गुडघाभर पाण्यात उभा राहून मान हलवत म्हणे, "हे पाण्याने झालंय, माशाने नाही." मग वाद. वाद मिटेपर्यंत पुढे जायचं नाही असं आमचं ठरलं होतं, कारण हेच आकडे फेब्रुवारी ते एप्रिल चालणाऱ्या वाटाघाटींत टेबलावर येतात आणि तिथे ओढ्यातला वाद उकरून काढायला कोणाला वेळ नसतो. या वाटाघाटींना नॉर्थ ऑफ फाल्कन म्हणतात, ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या फाल्कन भूशिरावरून. आयोग तिथे बसत नाही. तो धोरण ठरवून देतो, बोलणी संचालक आणि त्याची माणसं करतात. २०१६ मध्ये कोहो जातीचे सॅमन इतके कमी येणार होते की एप्रिलमध्ये एकमत झालंच नाही, आणि प्युजेट साउंडमधली मासेमारी बरीचशी अडून राहिली. मेअखेरीस मेळ बसला. त्या उन्हाळ्याआधी रॅम्पवर उभं राहणं म्हणजे रोज मार खाण्याची तयारी ठेवणं होतं. अर्थात तोंडी मार.

मग मी ऑलिंपियाला, मुख्य कार्यालयात आले. काम बदललं: आता दुसऱ्यांनी मोजलेले आकडे आयोगासमोर मांडता येतील अशा कागदांवर उतरवायचे. नियम बदलायचा तर आधी सूचना, मग मसुदा, मग सुनावणी, मग मत. प्रत्येक पायरीला ठरलेला फॉर्म. याबद्दल जास्त सांगत नाही, सरकारी फॉर्म जगभर सारखेच कंटाळवाणे असतात. दोन गोष्टी मात्र मला नव्या होत्या. एक, कोणीही नागरिक नियम करा किंवा मोडा असा अर्ज देऊ शकतो, आणि साठ दिवसांत एकतर प्रक्रिया सुरू करावी लागते, नाहीतर कारणं लिहून नकार द्यावा लागतो. दुसरी, आयोगाच्या बहुसंख्य सदस्यांना बंद दाराआड किंवा चहाच्या टेबलावर कामाबद्दल बोलता येत नाही. १९७१ चा कायदा आहे. जे काय भांडायचं ते लोकांसमोर. माझी ईमेलसुद्धा कोणी मागितली तर द्यावी लागते. त्यामुळे मी मेल लिहिताना अजून दोनदा विचार करते.

लोकांना बोलायला सहसा तीन मिनिटं मिळतात. समोर घड्याळ असतं. सुरुवातीला मला हे क्रूर वाटे. माणूस चार तास गाडी चालवून येणार आणि वाक्य अर्ध्यावर तोडणार. पुढे लक्षात आलं की नेहमीची माणसं तीन मिनिटांत बसणारं बोलणं घरून घासूनपुसून आणतात, आणि जी पहिल्यांदा आलेली असतात त्यांचंच अडखळणं सदस्य जास्त कान देऊन ऐकतात.

वसंतातल्या अस्वलाच्या शिकारीचा वाद मी जवळून पाहिला. इथे काळ्या अस्वलाची शिकार शरदात चालते, ती आजही चालू आहे. त्याशिवाय काही भागांत वसंतात थोडे खास परवाने देत. कारणं सांगितली जात ती अशी: अस्वलं वसंतात भुकेली असताना डग्लस फरच्या लागवडीत झाडांची साल सोलून आतला गोड थर खातात आणि झाड मरतं; हरणांची आणि एल्कची पाडसं मारतात. विरोध करणारे म्हणत, हिवाळाभर गुहेत पडून, हाडं वर आलेल्या अवस्थेत जनावर बाहेर येतं, बरोबर पिल्लं असू शकतात, आणि अशा वेळी गंमत म्हणून गोळी घालायची?

खात्याच्या शास्त्रज्ञांनी आपलं उत्तर दिलं होतं: एवढ्या परवान्यांनी अस्वलांच्या संख्येला धोका नाही. माझ्या शिक्षणाप्रमाणे विषय तिथे संपायला हवा होता. तो तिथून सुरू झाला. नोव्हेंबर २०२१ च्या बैठकीत एक जागा रिकामी होती, मतं पडली चार विरुद्ध चार, आणि बरोबरी झाल्यामुळे २०२२ चा हंगाम झालाच नाही. मग वर्षभर पत्रं आली, अर्ज आले, पडद्यावर आणि सभागृहात तीन-तीन मिनिटं झाली. कोविडचे दिवस होते, कितीतरी जण आपल्या स्वयंपाकघरातून बोलत होते. एका बाईने सांगितलं की तिच्या घरात फ्रीजरमधलं मांस हे अस्वलाचंच असतं आणि तिला गंमत म्हणून मारणारी म्हणू नये. एका तरुणाने काहीच आकडे न देता एवढंच म्हटलं की भुकेल्या जनावरावर नेम धरणं त्याच्या आजोबांनी त्याला शिकवलं नव्हतं, आणि आजोबा शिकारीच होते.

दोघांनाही माझ्या तक्त्यात जागा नव्हती. तक्ता सांगतो की इतकी मारली तर इतकी उरतील. मारावीत का, हे तो सांगत नाही; आणि जो तक्ता तेही सांगतो असं भासवतो त्यात तक्ता करणाऱ्याने आपलं मत गुपचूप घातलेलं असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाने पाच विरुद्ध चार मतांनी वसंतातली हौशी शिकार बंद केली. माझ्या काही सहकाऱ्यांना वाटलं की शास्त्राचा पराभव झाला. मला तसं वाटलं नाही. शास्त्राला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कोणी नाकारलं नव्हतं. प्रश्न दुसराच होता, आणि तो सोडवायला खात्यातल्या कोणाहीपेक्षा उघड्यावर भांडणारे, आपल्या नावानिशी मत देणारे नऊ जण बरे. निर्णय उलटा गेला असता तरी मी हेच म्हटलं असतं. निदान तशी आशा आहे.

या प्रकरणात मी स्वतः कुठे होते हे विचाराल, तर मी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या देशातून आलेली मुलगी. परवाना काढून, वेळापत्रक बघून जनावर मारायचं आणि त्याला व्यवस्थापन म्हणायचं, हे पचायला मला बरीच वर्षं लागली. पण आमच्या कोकणातल्या बागेत रानडुकरांनी आणि माकडांनी घातलेला धुमाकूळही मी पाहिला आहे, आणि भरपाईच्या अर्जांची भेंडोळी घेऊन बसलेला काकाही. त्यामुळे झाडांची साल सोलली गेल्याचं दुःख सांगणारा लागवडवाला मला खोटा वाटला नाही.

पैशाचा मुद्दाही या भांडणात सतत असतो. १९३७ च्या संघराज्याच्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर दहा-अकरा टक्के कर आहे आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो; १९५० पासून मासेमारीच्या सामानावरही तसाच. वर परवान्यांची फी. शिकारी म्हणतात, हे खातं आमच्या खिशातून चालतं. पूर्वी ते जास्त खरं होतं. आता राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतूनही मोठा हिस्सा येतो, म्हणजे ज्यांनी जन्मात बंदूक धरली नाही त्यांचाही. टेबलाशी कोण बसणार हा वाद मुळात तिथून येतो.

रत्नागिरीला गेले की चुलतभाऊ हटकून विचारतो, "तुमच्याकडे पर्ससीनचं काय?" त्याची छोटी बोट आहे, पर्ससीनची मोठी जाळी टाकणाऱ्यांवर त्याचा राग. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने महाराष्ट्रात पर्ससीनवर निर्बंध आले. आधी त्या मासेमारीबद्दल सोमवंशी समितीचा अहवाल झाला होता. तो आदेश त्याला हवाच होता. पण आदेश मुंबईहून आला, आणि तो कमी करायचा, वाढवायचा की नुसता राबवायचा हे बोलायला कुठे जायचं, ते त्याला माहीत नाही. निवेदन द्यायचं, मोर्चा काढायचा, नाहीतर आमदाराला गाठायचं. वन्यजीवांसाठी राज्य मंडळ आहे, मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष असतात, आणि मासळी त्याच्या कक्षेतली नव्हे. मी त्याला तीन मिनिटांच्या घड्याळाबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तीन मिनटांत काय होणार, दादागिरी करणारे तिथेही असतीलच." असतात. फक्त त्यांनाही तीनच मिनिटं मिळतात.

आयोगाची पद्धत मला पटते, पण तिचं कच्चं अंगही मला दिसतं. ते नेमणुकीत आहे. राजकारण बाहेर ठेवायला केलेल्या आयोगात नेमणुकीच्या दारातून राजकारण आत येतं. मतं पाच विरुद्ध चार पडायला लागली की प्रत्येक रिकामी खुर्ची निवडणुकीसारखी लढवली जाते. सिनेटची मंजुरी यायच्या आधीच सदस्याला काम सुरू करता येतं, त्यामुळे मंजुरीची पायरी कधीकधी मागेच राहून जाते. आणि कायदा म्हणतो की गव्हर्नरने नेमताना तोल राखावा: शिकारी, मासेमार, जमीनमालक, सगळे. तोल कोणी मोजायचा ते त्यात लिहिलेलं नाही.

जुलै २०२४ मध्ये लांडग्यांचा विषय आला. या राज्यातून विसाव्या शतकात लांडगे संपले होते. २००८ मध्ये पहिला कळप पुन्हा नक्की झाला, २०११ मध्ये आयोगाने त्यांच्यासाठी आराखडा मंजूर केला. २०२३ च्या अखेरच्या गणतीत किमान २६० लांडगे आणि ४२ कळप होते. खात्याने शिफारस केली की आता त्यांना धोक्यातल्या यादीतून खालच्या यादीत आणावं. आकडे वाढले होते यात वाद नव्हता. पण आराखड्यात राज्याचे तीन भाग पाडले होते, आणि तिसऱ्या भागात, म्हणजे दक्षिण कॅस्केड आणि वायव्य किनाऱ्यावर, पिल्लं वाढवणारी एकही जोडी नव्हती. पूर्वेचे गुरंवाले म्हणाले, आमच्याकडे गच्च भरलेत, आणि तुमच्याकडे अजून पोचले नाहीत याची शिक्षा आम्हाला का? पश्चिमेकडून आलेल्यांनी म्हटलं, आराखडा तुम्हीच केलात, तो पुरा होऊ द्या. आयोगाने पाच विरुद्ध चार मतांनी खात्याची शिफारस नाकारली. लांडगे धोक्यातल्या यादीतच राहिले.

ज्यांनी ती शिफारस लिहिली होती त्यांच्यातली एक जण माझी डब्यातली मैत्रीण. दुसऱ्या आठवड्यात पोळीभाजी वाटून घेताना मी विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, वाटलं, पण तिसऱ्या भागाबद्दलच्या प्रश्नाला आमच्या अहवालात एकच परिच्छेद होता. मग तिने डबा बंद केला आणि दक्षिण कॅस्केडमध्ये कॅमेरे कुठे वाढवायचे याचा नकाशा मला दाखवायला लागली. तिला त्यासाठी आणखी दोन माणसं हवी होती, आणि मी कोणाला ओळखते का ते विचारत होती.